फॅनी ब्लँकर्स-कून

फॅनी ब्लँकर्स-कून (२६ एप्रिल १९१८ – २५ जानेवारी २००४) या नेदरलँड्सच्या जगप्रसिद्ध धावपटू होत्या. त्यांचे संपूर्ण नाव फ्रान्सिना एल्स्ये ब्लँकर्स-कून. कून हे त्यांचे माहेरचे आणि ब्लँकर्स हे सासरचे आडनाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळा आणि ४ × १०० मीटर रिले या चार शर्यतींत सुवर्णपदके मिळविली. एकाच ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सची चार सुवर्णपदके मिळविणाऱ्या त्या आजवरच्या एकमेव महिला आहेत. त्या वेळी त्यांचे वय ३० वर्षांचे होते आणि त्या दोन मुलांच्या आई होत्या.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक रद्द झाली. त्या वर्षी फॅनी अनुक्रमे २२ आणि २६ वर्षांच्या होत्या. वेगवान धावपटूच्या आयुष्यातील सर्वोत्तम मानली जाणारी ही वर्षे त्यांनी जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये, परदेशी प्रतिस्पर्ध्यांशिवाय काढली. लंडनमधील यशाचे मोल करताना ही बाब ध्यानात घ्यावी लागते.

बालपण आणि सुरुवात

फॅनी यांचा जन्म उट्रेख्त प्रांतातील बार्न गावाजवळच्या लागे व्ह्यूर्स येथे झाला. वडील आर्नोल्डस कून हे सरकारी नोकरीत होते. त्यांना स्वतःला गोळाफेक आणि थाळीफेक यांचा नाद होता. पाच भावांत वाढलेल्या फॅनी लहानपणापासूनच पोहणे, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, स्केटिंग आणि तलवारबाजी अशा अनेक खेळांत रमत असत. पुढे हे कुटुंब ॲमस्टरडॅमजवळच्या होफ्डॉर्प येथे राहावयास आले.

किशोरवयात एकच खेळ निवडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांचा ओढा पोहण्याकडे होता. मात्र नेदरलँड्समध्ये त्या काळी उत्तम महिला जलतरणपटूंची उणीव नव्हती, ऑलिंपिक संघात जागा मिळणे कठीण होते. त्यामुळे पोहण्याच्या प्रशिक्षकानेच त्यांना धावण्याकडे वळण्याचा सल्ला दिला. १९३५ मध्ये त्यांनी स्पर्धांत भाग घेण्यास सुरुवात केली आणि तिसऱ्याच स्पर्धेत ८०० मीटर अंतराचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला.

या विक्रमाचा त्यांना ऑलिंपिकच्या दृष्टीने काहीच उपयोग नव्हता. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाली. ती संपल्यावर काही स्पर्धक दमून पडल्याचा बराच गवगवा झाला, आणि हे अंतर स्त्रियांना झेपणारे नाही असे ठरवून ती शर्यत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. ती परत आली १९६० मध्ये. पुरुष स्पर्धकही शर्यतीनंतर दमून पडतात, हे तेव्हा कोणी विचारात घेतले नाही. फॅनी कमी अंतराच्या शर्यतींकडे आणि उड्यांकडे वळल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

याच सुमारास यान ब्लँकर्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. यान हे १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीत उतरलेले माजी खेळाडू, क्रीडापत्रकार आणि प्रशिक्षक होते. ते फॅनींपेक्षा १४ वर्षांनी मोठे होते. स्त्रियांनी चढाओढीच्या खेळांत उतरू नये, असे त्यांचे पूर्वीचे मत होते. फॅनींचे गुण पाहिल्यावर त्यांना ते बदलावे लागले.

बर्लिन १९३६

वयाच्या अठराव्या वर्षी फॅनी यांची बर्लिन ऑलिंपिकसाठी निवड झाली. उंच उडी आणि रिले हे दोन्ही प्रकार ९ ऑगस्ट १९३६ या एकाच दिवशी होते. उंच उडीत त्यांना विभागून पाचवे स्थान मिळाले, आणि रिलेमध्ये डच संघही पाचवा आला. नवख्या मुलीच्या दृष्टीने ही कामगिरी चांगलीच होती. पण या स्पर्धेतून फॅनी घरी घेऊन आल्या ती जेसी ओवेन्स यांची स्वाक्षरी. अमेरिकेच्या या कृष्णवर्णीय धावपटूने बर्लिनमध्ये चार सुवर्णपदके मिळविली होती. बारा वर्षांनी आपण त्याच आकड्यापर्यंत पोहोचू, अशी तेव्हा कोणाला कल्पनाही नसावी. ही स्वाक्षरी त्यांनी आयुष्यभर जपली. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकच्या वेळी दोघांची पुन्हा भेट झाली. फॅनींनी ओळख करून देताच, आपण त्यांना चांगलेच ओळखतो, असे ओवेन्स यांनी सांगितले.

१९३८ मध्ये फॅनींनी १०० यार्ड अंतर ११.० सेकंदांत धावून पहिला विश्वविक्रम केला. त्याच वर्षी व्हिएन्ना येथील युरोपीय स्पर्धेत त्यांना १०० आणि २०० मीटर शर्यतींत कांस्यपदके मिळाली. दोन्ही शर्यती पोलंडच्या स्तानिस्वावा व्हालासिएविच यांनी जिंकल्या. १९४० चे ऑलिंपिक हेलसिंकी येथे व्हावयाचे होते, आणि त्यात पदक मिळविण्याची आशा आता अवास्तव राहिली नव्हती.

युद्धकाळ

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या. हेलसिंकीची स्पर्धा रद्द झाली. २९ ऑगस्ट १९४० रोजी फॅनी आणि यान यांचा विवाह झाला. पहिला मुलगा यान ज्युनिअर याच्या जन्मानंतर त्यांची कारकीर्द संपली, असे डच वृत्तपत्रांनी गृहीतच धरले. विवाहित स्त्री, त्यातही आई झालेली स्त्री मैदानावर उतरल्याची उदाहरणे त्या काळात अगदी थोडी होती. फॅनींनी मात्र बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच पुन्हा सराव सुरू केला. सराव आठवड्यातून दोन-तीन दिवसच असे. आजच्या धावपटूंच्या मानाने तो फारच थोडा म्हणावा लागेल. मुलेही बरोबर मैदानावर येत आणि लांब उडीच्या खड्ड्यातील वाळूत खेळत.

१९४२ ते १९४४ या तीन वर्षांत त्यांनी नोंदविलेले विक्रम पाहिले, तर युद्धाने काय हिरावून नेले याचा अंदाज येतो. १९४२ मध्ये ८० मीटर अडथळा शर्यत त्या ११.३ सेकंदांत धावल्या. ३० मे १९४३ रोजी ॲमस्टरडॅम येथे त्यांनी उंच उडीत १.७१ मीटरचा विश्वविक्रम केला. आधीचा विक्रम १.६६ मीटर होता. उंच उडीचे विक्रम सहसा एकेका सेंटिमीटरने पुढे सरकतात, हे लक्षात घेतले म्हणजे एका दमात पाच सेंटिमीटरची वाढ किती मोठी, हे समजते. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला लायडन येथे लांब उडीत त्यांनी ६.२५ मीटर अंतर गाठले. हा विक्रम १९५४ पर्यंत अबाधित राहिला. १०० मीटर शर्यतही त्यांनी ११.५ सेकंदांत पूर्ण केली, पण पुरुष धावपटू बरोबर धावल्यामुळे ती वेळ विक्रम म्हणून मान्य झाली नाही. १९४४ मध्ये १०० यार्डांचा विक्रम त्यांच्या नावावर झाला. त्याच वर्षी ४ × २०० मीटर रिलेचा विश्वविक्रम मोडणाऱ्या संघातही त्या होत्या. तो विक्रम पूर्वी जर्मनीच्या नावावर होता, त्यामुळे व्याप्त देशातील डच प्रेक्षकांना त्याचे अप्रूप वेगळेच वाटले असणार.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण अन्नटंचाई झाली. भूक आणि थंडी यांनी सुमारे २०,००० लोकांचा बळी घेतला. ट्युलिपचे कंद आणि बीट खाऊन लोकांनी दिवस काढले. अशा परिस्थितीत खेळ बाजूला पडणे स्वाभाविकच होते.

ऑगस्ट १९४६ मध्ये ओस्लो येथे युरोपीय स्पर्धा झाली, तेव्हा फॅनींची मुलगी फॅनेके अवघ्या काही महिन्यांची होती. स्पर्धेची सुरुवात फारशी चांगली झाली नाही. १०० मीटरच्या उपान्त्य फेरीत त्या पडल्या आणि बाद झाल्या. खरचटलेल्या गुडघ्यांनी उंच उडीत उतरून त्यांनी चौथे स्थान मिळविले. दुसऱ्या दिवशी मात्र ८० मीटर अडथळा शर्यत त्यांनी जिंकली, आणि रिलेमध्ये अखेरच्या टप्प्यात धावून संघाला सुवर्णपदक मिळवून दिले.

लंडन १९४८

बारा वर्षांच्या खंडानंतरचे हे ऑलिंपिक लंडनमध्ये भरले. युद्धाने पोळलेल्या ब्रिटनमध्ये अन्नधान्यावर अजून नियंत्रण होते, आणि नवे क्रीडाग्राम उभारण्याची कोणाची ऐपत नव्हती. स्वतंत्र भारताचे हे पहिले ऑलिंपिक. वेम्ब्ली मैदानावरच भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात ब्रिटनचा ४-० असा पराभव केला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच स्पर्धेत कुस्तीत सहावे आले.

स्पर्धेपूर्वी काही आठवडे फॅनींनी १०० मीटरच्या ११.५ सेकंदांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. तरीही ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रंप यांनी त्यांचे वय आता उलटून गेल्याचे मत मांडले. मायदेशातून आलेल्या पत्रांचा सूर आणखी बोचरा होता. दोन मुलांच्या आईने आखूड विजारीत लोकांसमोर धावण्यापेक्षा घर सांभाळावे, असे त्यांना सुनावण्यात आले. लंडनला जाताना त्यांच्यावर केवळ पदकाचे दडपण नव्हते. हरल्या असत्या, तर आई झालेल्या स्त्रीने मैदानावर जाऊ नये असे म्हणणाऱ्यांना आयताच पुरावा मिळाला असता.

त्या वेळच्या नियमानुसार महिला खेळाडूला तीनच वैयक्तिक प्रकारांत भाग घेता येई. फॅनींनी १०० मीटर, २०० मीटर आणि ८० मीटर अडथळा शर्यत निवडली. उंच उडी आणि लांब उडी, ज्यांचे विश्वविक्रम त्यांच्याच नावावर होते, सोडून द्याव्या लागल्या. लांब उडीचे सुवर्णपदक हंगेरीच्या ओल्गा ग्यार्माती यांना ५.६९५ मीटरच्या उडीवर मिळाले, म्हणजे फॅनींच्या विक्रमापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक कमी अंतरावर. उंच उडी अमेरिकेच्या ॲलिस कोचमन यांनी १.६८ मीटरवर जिंकली. नियमाची आडकाठी नसती, तर पदकांची संख्या चारावर थांबली असती का, हा प्रश्न क्रीडा-इतिहासकार नेहमी विचारतात. मात्र इतके प्रकार एका आठवड्यात सांभाळणे कोणालाही सोपे गेले नसते, हेही विसरता येत नाही.

१०० मीटरची अंतिम फेरी २ ऑगस्ट रोजी झाली. पावसाने कोळशाच्या राखेची धावपट्टी चिखलमय झाली होती. फॅनींनी ११.९ सेकंदांत शर्यत जिंकली. ब्रिटनच्या डोरोथी मॅन्ली दुसऱ्या, तर ऑस्ट्रेलियाच्या शर्ली स्ट्रिकलंड तिसऱ्या आल्या. ऑलिंपिकच्या ॲथलेटिक्समध्ये नेदरलँड्सला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक होते.

४ ऑगस्टची ८० मीटर अडथळा शर्यत चारही शर्यतींत सर्वाधिक चुरशीची ठरली. या शर्यतीत आठ अडथळे असत, आणि एकाही अडथळ्याशी पाऊल चुकले तर ते सावरण्यास अंतरच उरत नसे. ब्रिटनच्या मॉरीन गार्डनर या तरुण धावपटूकडे घरच्या प्रेक्षकांचे डोळे लागले होते. फॅनींची सुरुवात रेंगाळली. वेग घेऊन त्यांनी गार्डनर यांना गाठले खरे, पण पाचव्या अडथळ्याला धक्का लागल्याने तोल गेला आणि शेवटचे अंतर त्यांनी कसेबसे कापले. दोघींनी जवळजवळ एकाच क्षणी रेषा ओलांडली. निकालाची वाट पाहत असतानाच मैदानावर ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजू लागले आणि प्रेक्षकांनी एकच जल्लोष केला. आपण हरलो, असेच फॅनींना वाटले. प्रत्यक्षात ते गीत राजघराण्यातील मंडळींच्या आगमनानिमित्त वाजविले गेले होते. छायाचित्र तपासल्यावर फॅनी विजयी ठरल्या. दोघींचीही वेळ ११.२ सेकंद अशी नोंदविली गेली.

दोन सुवर्णपदके मिळाल्यावर त्या खचल्या, हे वाचून नवल वाटते. मुलांची आठवण, सततचे दडपण आणि वृत्तपत्रांचा ससेमिरा यांनी त्या हैराण झाल्या होत्या. २०० मीटरच्या उपान्त्य फेरीपूर्वी त्यांना रडू आवरेना, आणि माघार घेऊन घरी परतण्याची त्यांची इच्छा होती. यान यांनी बराच वेळ समजूत घातल्यावर त्या मैदानात उतरल्या. महिलांची २०० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच होत होती. ६ ऑगस्टच्या अंतिम फेरीत, पुन्हा पावसात आणि चिखलात, त्यांनी २४.४ सेकंदांची वेळ नोंदविली. दुसऱ्या आलेल्या ब्रिटनच्या ऑड्री विल्यमसन तब्बल ०.७ सेकंदांनी मागे होत्या. इतक्या कमी अंतराच्या शर्यतीत एवढा फरक क्वचितच पाहावयास मिळतो.

७ ऑगस्टच्या रिलेची कथा वेगळीच आहे. रेनकोट खरेदीसाठी बाहेर पडलेल्या फॅनींना परतण्यास उशीर झाला, आणि शर्यतीच्या अगदी तोंडावर त्या मैदानावर पोहोचल्या. क्सेनिया स्टाड-डी योंग, नेटी विट्झिर्स-टिमर आणि गेर्डा व्हान डर काडे-कौडाइस या तिघी त्यांच्या सहकारी होत्या. या चौघींच्याही नावात माहेर आणि सासर अशी दोन्ही आडनावे आहेत. म्हणजे हा संपूर्ण संघच विवाहित स्त्रियांचा होता. रिलेमध्ये बॅटन ठरावीक पट्ट्यातच एकीच्या हातून दुसरीच्या हाती जावी लागते. ती खाली पडली किंवा पट्ट्याबाहेर दिली गेली, तर सर्वांचीच मेहनत वाया जाते. फॅनींच्या हाती बॅटन आली, तेव्हा डच संघ तिसऱ्या क्रमांकावर आणि सुमारे पाच मीटर पिछाडीवर होता. धोका नको म्हणून त्यांनी बॅटन सावकाश आणि सांभाळून घेतली. त्यानंतर त्यांनी एकेकीला मागे टाकत अंतिम रेषेजवळ ऑस्ट्रेलियाच्या जॉइस किंग यांना गाठले. नेदरलँड्सची वेळ ४७.५ सेकंद, तर ऑस्ट्रेलियाची ४७.६ सेकंद होती.

त्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ॲथलेटिक्सचे एकूण नऊच प्रकार होते. त्यांपैकी चारांत फॅनींना सुवर्णपदक मिळाले. प्राथमिक फेऱ्या धरून त्या ११ वेळा धावल्या.

स्वागत आणि टोपणनाव

ॲमस्टरडॅममध्ये चार घोड्यांच्या बग्गीतून त्यांची मिरवणूक निघाली. यापुढे आयुष्यात जरा सावकाश जाता यावे, म्हणून त्यांना भेट मिळाली ती सायकल. राणी युलियाना यांनी त्यांना ऑरेंज-नासाऊ सन्मानाने गौरविले. हौशी खेळाडूंच्या कडक नियमांमुळे पैशांचे प्रस्ताव मात्र त्यांना स्वीकारता आले नाहीत.

वृत्तपत्रांनी त्यांना उडती गृहिणी हे टोपणनाव दिले आणि ते कायमचे चिकटले. त्यात कौतुक होते, तशी मेखही होती. पुरुष विजेत्याला कोणी उडता कारकून म्हटल्याचे ऐकिवात नाही. तरीही या नावामुळे जगभरच्या असंख्य स्त्रियांपर्यंत एक गोष्ट पोहोचली, की तिशी आणि मातृत्व यांमुळे मैदानाचे दार बंद होत नाही.

पुढील कारकीर्द

१९५० च्या ब्रसेल्स येथील युरोपीय स्पर्धेत त्यांनी १०० मीटर, २०० मीटर आणि ८० मीटर अडथळा शर्यत जिंकली. रिलेमध्ये संघाला रौप्यपदक मिळाले. या स्पर्धेच्या आधीच्या एका घटनेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. त्या वर्षी फूक्ये डिलेमा या तरुण डच धावपटूने २०० मीटरमध्ये २४.१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. जुलैमध्ये लिंगचाचणीनंतर डिलेमा यांना तहहयात बंदी घालण्यात आली आणि त्यांचा विक्रम नोंदींतून काढून टाकला गेला. त्यामुळे फॅनींच्या तोडीची देशातील एकमेव प्रतिस्पर्धी ब्रसेल्सला जाऊच शकली नाही. डिलेमा यांनी उर्वरित आयुष्य प्रसिद्धीपासून दूर काढले. डच ॲथलेटिक्सच्या वैभवाच्या काळातील हे प्रकरण आजही अस्वस्थ करते.

१९५१ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, फॅनींनी पेंटॅथलॉनमध्ये ४,६९२ गुणांचा विश्वविक्रम केला. तो त्यांचा अखेरचा विश्वविक्रम होय. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्वचेवरील गळवांच्या त्रासाने त्या बेजार होत्या. १०० मीटरच्या उपान्त्य फेरीतून त्यांनी माघार घेतली. ८० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत दुसऱ्या अडथळ्याला धडक बसल्यावर त्या थांबल्या. ती शर्यत शर्ली स्ट्रिकलंड यांनी विश्वविक्रमासह जिंकली. याच ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या मेरी डिसूझा आणि बंगालच्या नीलिमा घोष यांच्या रूपाने भारतीय महिला ऑलिंपिकच्या धावपट्टीवर प्रथमच उतरल्या. फॅनींच्या अखेरच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय महिलांची सुरुवात झाली, असा हा योग आहे.

१९५५ मध्ये त्यांनी गोळाफेकीत राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि स्पर्धांचा निरोप घेतला. हे त्यांचे ५८ वे राष्ट्रीय विजेतेपद होते. वडिलांच्या आवडीच्या प्रकारात त्यांची कारकीर्द संपली. चार ऑलिंपिक सुवर्णपदकांखेरीज पाच युरोपीय विजेतेपदे आणि नोंदविलेले वा बरोबरी साधलेले १२ विश्वविक्रम त्यांच्या नावावर आहेत.

अखेरची वर्षे

१९५८ च्या युरोपीय स्पर्धेपासून १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपर्यंत त्या डच ॲथलेटिक्स संघाच्या पथकप्रमुख होत्या. १९७७ मध्ये यान यांचे निधन झाले. त्यानंतर त्या होफ्डॉर्प येथे परतल्या. २००३ मध्ये पत्रकार केस कोमान यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यात त्यांच्या स्वभावातील विजयाचा हट्ट आणि मुलांशी असलेले काहीसे कोरडे नाते यांचे स्पष्ट चित्रण आहे. वृत्तपत्रांनी रंगविलेल्या हसतमुख गृहिणीपेक्षा ही स्त्री अधिक गुंतागुंतीची होती.

१९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने शतकातील सर्वोत्तम महिला ॲथलीट म्हणून त्यांची निवड केली. मोनॅको येथील समारंभात आपले नाव पुकारले गेले, तेव्हा त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटले. अखेरच्या काळात त्यांना अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या विकाराने ग्रासले होते. २५ जानेवारी २००४ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, होफ्डॉर्प येथे त्यांचे निधन झाले.

रॉटरडॅम येथे १९५४ पासून त्यांचा पुतळा आहे. हेंगेलो शहरातील मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले असून तेथे फॅनी ब्लँकर्स-कून गेम्स ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. जून २०२१ मध्ये याच मैदानावर महिलांच्या १०,००० मीटर शर्यतीचा विश्वविक्रम दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मोडला गेला. पहिल्यांदा तो नेदरलँड्सच्या सिफान हसन यांनी, आणि नंतर इथिओपियाच्या लेतेसेनबेत गिदे यांनी मोडला.